नालीतले सागरगोटे

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं, आणि आता तो नाही. पोरीला ठाऊक नाही. ज्या एका बाईला ठाऊक आहे ती पलीकडच्या खोलीत लसूण सोलत बसली आहे, आणि तिनं आजवर तोंड उघडलं नाही. मीही नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून सोपं जातं का? तेही असेल.

आधी चांगलं सांगते. माझी शोभा जगली. नुसती जगली नाही — मास्तरीण झाली. वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज आहे तिचा, आणि भाजीवाल्याशी भांडून कोथिंबीर वरून घेते. जी पहिला वाढदिवस पाहणार नाही असं लोक मला तोंडावर सांगून गेले, ती आता पेन्शनच्या गोष्टी करते. हे मी मिरवते. मिरवण्यासारखंच आहे. खोट आहे ती दुसरीकडे.

तान्ही असताना तिचं डोकं वाढत गेलं. डोक्यात पाणी साचतं, असा तो आजार. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. डोक्यातून एक नळी कातडीखालून पोटात सोडली, की साचलेलं पाणी तिकडे उतरावं. उजव्या कानामागे, केसांत, हरभऱ्याएवढा फुगवटा राहिला. तो व्हॉल्व्ह. तिथल्या डॉक्टरांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं. दाबला की दबला पाहिजे, सोडला की भरला पाहिजे, मग नळी चालू आहे समजा. आणखीही सांगितलं होतं — उलटी झाली, पोर सुस्तावली, डोकं दुखतं म्हणाली, तर थांबू नका. पण माझ्या लक्षात राहिलं ते बोट. चौथी शिकलेल्या बाईच्या बोटात एवढी विद्या आली, कोणाला नाही चढणार?

मला चढली. धरमपेठेतल्या आमच्या घरात रोज सकाळी शोभाला तेल लावताना मी व्हॉल्व्ह दाबायची आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणायची, "ठीक आहे." नवरा सदर बाजारातल्या दुकानात निघायचा तो हे ऐकूनच. त्या फुगवट्याला मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. कमललाही नाही.

कमल माझी धाकटी जाऊ. भिवापूरची. मिरचीच्या गावची, पण जिभेला तिखट नाही. तिला मूल झालं नाही. दुपारी माझा डोळा लागला की ती आणि शोभा ओसरीवर सागरगोटे खेळत. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर जमिनीवरचे उचलायचे, आणि वरचा झेलायचा. शोभा सात-आठ वर्षांची असेल. हात पक्का होता तिचा. कमलला हरवायची.

एका दुपारी कमल मला म्हणाली, "बाई, शोभा गोटा झेलूनच नाही राहिली."

मी शोभाला ओढून कानामागे बोट ठेवलं. दबला. भरला. "खेळाचा कंटाळा आला असंन तिले."

"कंटाळा नाही बाई. मान वर करते, डोळे वर जाऊनच नाही राहिले."

इथं मला थांबता आलं असतं. दुसऱ्या बाईला आपल्या पोरीत काही दिसलं, आपल्याला दिसलं नाही — त्यात एवढं काय होतं? पण मला ते सोसलं नाही. मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "तुही कूस उजवली नाही म्हणून माह्या पोरीले नजर लावून राहिली काय वं?" आणि सगळे गोटे गोळा केले, मागच्या नालीत फेकले.

कमलनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती शोभाकडेच पाहत राहिली.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. हे वाईट होतं, पण रागात माणूस बोलतं. मी जे पुढे केलं ते रागात नाही केलं.

त्यानंतर शोभा शाळेतून आली की झोपू लागली. मग एका सकाळी उठल्याबरोबर ओकली. मी बोट लावलं — दबला, भरला. पित्त आहे म्हटलं, आल्याचा रस दिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओकली, आणि हाक मारली तर डोळे उघडेनात. मी परत बोट लावायला वाकले, तर कमलनं पोरीला उचललं — एवढी मोठी पोरगी — आणि तशीच रस्त्यावर गेली. सायकलरिक्षा थांबवली. मी ओरडत मागे. ती आत बसून म्हणाली, "येता तर या बाई. नाही तर राहा घरी बोट लावत."

मी अनवाणीच चढले.

आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तोवर या कामाचे डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, "आई कोण?" कमलनं मला पुढे केलं. "काय वेगळं दिसलं तुम्हाला?"

प्रश्न सोपा होता की नाही? मला काही दिसलं नाही, हिला दिसलं — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "वर पाहत नाही, डॉक्टरसाहेब. सागरगोटा झेलत नाही. मी खेळताना पाहिलं."

"दाखवा."

गोटे कुठले दाखवणार? ते मी नालीत टाकले होते. तेव्हा कमलनं पदराची गाठ सोडली. तेच गोटे — स्वच्छ धुतलेले. तिनं ते माझ्या हातावर ठेवले आणि मागे सरली. मी ते घेतले.

शोभाला हलवून जागं केलं, धरून बसवलं. मी गोटा उडवला. पोरीची हनुवटी वर गेली, डोळे खालीच राहिले. डॉक्टरांनी मग फारसं विचारलं नाही. तिला आत नेलं.

नळीचं वरचं तोंड बुजलं होतं. ते बदललं. काही दिवसांनी तिला उशीला टेकून बसवलं, तर ही छताकडे पाहून म्हणते, "आई, पंखा काहून बंद आहे?" छताकडे पाहून. ते ऐकून मला जे झालं ते अजून अंगात आहे. कमल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी हसत होते.

डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन आले. मला उभं केलं आणि त्यांना म्हणाले, "व्हॉल्व्ह दाबला तर चांगला लागत होता. नळी अडली असली तरी कधीकधी लागतो. बोट फसवतं. या बाई बोटावर गेल्या नाहीत, पोरीकडे पाहत राहिल्या. म्हणून ती आज इथं बसली आहे."

कमल डबा घेऊन तिथंच होती.

मला लाज वाटली का? नाही. छाती फुगली. एका शब्दानंही मी त्यांना थांबवलं नाही.

डॉक्टरांनी मग स्वतःच्या टेबलाच्या खणातही सागरगोटे ठेवले. अशी पोरं असलेल्या आयांना ते माझ्याकडे पाठवायचे. मी ओसरीवर बसून त्यांना शिकवायची — बोटावर जाऊ नका, पोराकडे पाहा. मोठ्या तोऱ्यात. खोटं कशाला बोलू, मजा यायची. आणि त्यातली पोरं वाचली, तीही खरीच वाचली. हळदीकुंकवाला मला मध्ये बसवत. एकदा बायका गेल्यावर ताटं उचलताना कमल म्हणाली, "बाई, आता हे पापडही तुमीच लाटले म्हणून सांगा." आणि हसली. जन्मात तिनं मला मारलेला एवढाच टोमणा.

मी म्हटलं, "सांगीन." पुढच्या वेळी सांगितलंही.

नजर लावतेस म्हटलं होतं, ते मी कधी परत घेतलं नाही. ती कधी विसरली असेल असं मला वाटत नाही. विचारलं मात्र नाही.

पुढे नळी आणखी दोनदा अडली. शोभा कॉलेजात असताना एकदा, नोकरी लागल्यावर एकदा. दोन्ही वेळा गोट्यानं आधी सांगितलं, दोन्ही वेळा ती परत आली आणि कामाला लागली. आम्ही जिंकलो. आम्ही म्हणते, पण नाव माझं झालं. सत्कार-बित्कार असला की शोभा माइक धरून सांगते, मला माझ्या आईच्या नजरेनं वाचवलं.

तुला कमलनं वाचवलं, शोभा. ती पाहत होती, मी दाबत होते.

झालं सांगून. शोभा हे वाचील, ती सगळं वाचते. काय म्हणायचं ते म्हणो.

अजून रोज सकाळी चहाआधी ती गोटा उडवते आणि झेलते. "आई, तुझा गोटा," म्हणते. आम्ही दोघी म्हाताऱ्या समोर बसलेल्या असतो. मी गोट्याकडे पाहते, हातात येतो की नाही ते. कमल गोट्याकडे पाहतच नाही. ती शोभाच्या डोळ्यांकडे पाहत असते.