नाळेची काचपट्टी

नापसंत पडलेली काचपट्टी हिवरकर सर ती बनवणाऱ्यासमोरच फरशीवर सोडून देत. मग म्हणत, "झाडू तुमीच आणजा, बाई." आणीबाणी उठली त्या वर्षी मी पुलगावजवळच्या जनावरांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात अकरा वेळा झाडू आणला.

सर शेळीच्या नाळेवर काम करत. तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दोन धमन्या, दोन शिरा आणि पिल्लाचं मूत्र नेणारी एक बारीक नळी दिसते. पण शेळी व्याली की नाळ आपोआप तुटते आणि धमन्या आकसतात. सरांना त्या उघड्या हव्या होत्या. "आकसलेलं मढं मले दाखवू नका." म्हणून आसपासच्या गाभण शेळ्यांची यादी मी ठेवायची: गाव, मालक, व्यायचा अंदाज. मला याद्या आवडतात. ती मी मन लावून ठेवली.

यादीतल्या सगळ्यांना निरोप होता, शेळी अडली तर इकडे आणा. नाचणगावची पार्बताबाई एका सकाळी शेळी खांद्यावर घेऊन आली. पिल्लू आडवं होतं.

"डाक्टरसाहेब, पिल्लू गेलं तं जाऊ द्या. माई बकरी वाचवा. एकच हाये."

"वाचवतो ना. रडून काऊन राह्यली?"

मी तबक मांडलं. सरांनी पोट शिवायचा दोरा त्यातून उचलून कपाटात ठेवला. "याचं काम नाई." शेळीला बधिर करून त्यांनी पोट फाडलं, धडधडती नाळ दोन जागी बांधून कापली आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडली. बरणीवरचं लेबल मी लिहिलं. लिहून होईतो शेळी गेली होती. कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

पिल्लू जिवंत निघालं. पार्बताबाईने ते पदरात घेतलं.

"दोरा तुमी ठेवून देला, साहेब. म्या पाह्यलं."

सर हात धूत राहिले. मग ती माझ्याकडे वळली. "याले आता पाजू कोनाचं?"

त्या नाळेची काचपट्टी सरांनी कधी खाली टाकली नाही. येईल त्या पाहुण्याला दाखवली. निवृत्तीच्या दिवशी डबीत घालून मला दिली. "यादी तुमची होती, बाई. अर्धी काच तुमची."

सर वारल्याचं कळलं त्या दिवशी मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. धमन्या अजून उघड्या आहेत.