व्याह्यांच्या नावाचं पार्सल

गेल्या रविवारी जावयाच्या गावाला गेलो होतो, नागानोच्या डोंगरात. टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईहून निघालं की चार तास. लेक सुवर्णा पुढे, मी मागे, आणि गाडी चालवायला आमचे केंजीराव... जपानी जावयाला राव लावलं की तो लाजतो, म्हणून मी मुद्दाम लावते.

काम जरा अवघड होतं. व्याही जाऊन तीन वर्षं झाली, विहीणबाई योशिको-सान तिथे एकट्याच. एकटं राहून त्यांचं डोकं फिरेल, घर बंद करून टोकियोला आणूया, असं केंजीरावांचं म्हणणं. त्या काही हलायला तयार नाहीत.

व्याही जंगलात झाडं तोडायचे. मागच्या शेडमध्ये त्यांचा चेनसॉ टांगलेला होता, खाली जुने कॅटलॉग... पोस्टानं पार्ट पाठवणाऱ्या दुकानांचे. पानं उलटली आणि मला आमचे मालकच दिसले.

तेही आजऱ्याकडे हेच काम करायचे. पार्टचं इंग्रजी नाव लिहिता यायचं नाही, म्हणून झिजलेल्या साखळीची कडी कागदावर ठेवायची, भोवती पेन्सिलीनं रेघ मारायची आणि तो कागद मुंबईच्या दुकानाला पाठवायचा. पंधरा दिवसांत पार्सल दारात. सोबत तोच कागद परत, जुळवून बघायला.

कौतुकानं व्याह्यांच्या चेनसॉला हात लावला आणि दचकले. बोटाला ओलं तेल लागलं... तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं हत्यार, आणि तेल आजचं.

तेवढ्यात दारात कुरिअरवाला. व्याह्यांचं नाव घेऊन हाक मारत होता.

केंजीरावांनी पार्सल उघडलं. नवी साखळी, दोन कानशी आणि एक चिठ्ठी. लेकीनं वाचून सांगितलं... 'तुमचं या महिन्याचं पत्र मिळालं, नेहमीप्रमाणे आठवण ठेवलीत, आभारी आहोत.' केंजीराव पांढरेफटक. विहीणबाई ओसरीवर बसून काकी नावाची तुरट जपानी फळं सोलत होत्या, वाळवायला. मान वर केली नाही.

खोक्याच्या तळाशी एक कागद होता. त्यावर कडीचा आकार, पेन्सिलीनं रेघ मारलेला... माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग दिसलं, कोपऱ्यात काळपट बोटाचा डाग. विहीणबाईंच्या हाताकडे बघितलं. काकी सोलून सोलून त्यांची बोटं तशीच काळी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुरी थांबली.

केंजीरावांना कळलं असतं तर त्याच दिवशी टोकियो. मी कागद गपचूप स्वेटरच्या खिशात घातला.

"सांग त्यांना," मी सुवर्णाला म्हटलं, "जुन्या दुकानांचं असंच असतं. यादीतलं नाव कोण काढत बसतंय. तुझे बाबा गेल्यावर आपल्याकडेही आलं होतं की पार्सल."

आलं होतं, खरंच. मागवलं मीच होतं. त्यांच्या नावानं, तशीच रेघ मारून... दारात कुणीतरी त्यांचं नाव घेऊन हाक मारावी म्हणून.

केंजीरावांनी चिठ्ठी घडी घालून खोक्यात ठेवली. मग म्हणाले, थंडी संपू दे, नंतर बघू. सुरी पुन्हा चालू झाली.

निघताना विहीणबाई फाटकात उभ्या राहून वाकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. गाडी वळणाला लागली आणि मागून, शेडकडून, चेनसॉचा आवाज आला... आधी खोकल्यासारखा, मग एकसारखा. केंजीरावांनी ब्रेक मारला.

मी मागच्या काचेतून बघितलं. त्या तशाच वाकलेल्या, फाटकात. आसपास दुसरं घर नाही.

"आई, तुला ऐकू आलं?"

"काय ते?" मी म्हटलं. "चला, उशीर होतोय."

केंजीरावांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते. सुवर्णा, तू तोंड बंद ठेव.

ज्याच्या नावानं मागणी आली तो आहे की गेला, हे कधी न विचारता पार्सल पाठवणारे ते सगळे जुने दुकानदार... त्यांचे फार उपकार आहेत आम्हा बायकांवर. साखळी मापाची होती. आवाजावरून कळतं ना.