नळी आणि चहा

आजवर कुणाला बोललो नाही: माझ्या पाठची शोभा दत्तक घेतलेली आहे. जाताना बाबांनी ते फक्त मला सांगितलं. आता घराण्याचं मूळ शोधायला तिने डीएनए तपासणीच्या दोन नळ्या मागवल्यात. तिच्या नळीत थुंकीचा फेस हळूहळू खाली बसतोय. माझी नळी कोरडीच आहे. थुंकण्याआधी अर्धा तास काही प्यायचं नसतं, म्हणून मी मुद्दाम चहा घेतो.

“दादा, परत चहा? नळीला घाबरतोस की काय?” ती हसते आणि माझ्याकडे बघत राहते.

हिला माहीत असेल का? नुसतं मला तपासत असेल? माणूस जन्मभर गप्प बसू शकतो, पण त्याच्या चमचाभर थुंकीला ते जमत नाही.

तिला हे यंत्राकडून नाही, माझ्या तोंडून कळायला हवं. तेवढं मी तिचं देणं लागतो.