ऐंशीचे वीस

मंगलला गोड बोलणाऱ्या माणसाची किळस होती, आणि ती लहानपणापासूनची. मेंढरांचा व्यापारी वाड्यावस्तीवर येऊन तिच्या बापाला "पावणं, पावणं" करायला लागला की ती उठून वाघरीकडं, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाकडं, निघून जायची. जखमेतले किडे तिनं बोटानं काढले होते, मेलेलं कोकरू उचलून लांब नेऊन पुरलं होतं; त्यात तिला कधी काही वाटलं नाही. पण तोंडात साखर आणि मनात वजनकाटा असलेला माणूस समोर आला की ती तोंड फिरवायची.

लग्न होऊन ती दहिवडीच्या पुढच्या एका वस्तीवर आली. नवरा बिरदेव नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. घरी ती आणि सासरे आप्पासो. आप्पासोंचा जन्म मेंढरांमागं गेला होता. पावसाळा माणात, उन्हाळा घाटाखाली. आता त्यांची फुप्फुसं थकली होती. अंगणातल्या लिंबापर्यंत चालत गेले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेव्हापासून नाकात नळी घालून ते खाटेवर बसून असत आणि रस्त्यानं कुणाची मेंढरं चालली ते ओळखत.

मशीन विजेवर चालायचं. लाइट गेली की ते चिरकायचं. मग मंगल हातातलं काम टाकून धावायची, कोपऱ्यातल्या लहान सिलिंडरला नळी जोडायची आणि तो संपायच्या आत लाइट यावी म्हणून दाराकडं बघत बसायची. म्हणून तर बिरदेवनं सांगलीजवळच्या कुपवाडच्या वीरधवल नावाच्या डीलरकडून छतावर सोलर आणि भिंतीवर बॅटरी बसवून घेतली होती.

बॅटरीचं काम समजायला अवघड नव्हतं. दिवसा उन्हावर ती भरायची. ऊन उतरलं की घर तिच्यावर चालायचं, त्यामुळं बिल कमी यायचं. पण सगळी रिकामी होऊ नये म्हणून मोबाइलच्या ॲपमध्ये एक आकडा ठेवता यायचा. एवढा साठा राखून ठेव, लाइट जाईल तेव्हाच त्याला हात लाव, असा त्याचा अर्थ. त्याला सगळे 'रिझर्व्ह' म्हणायचे. बसवताना तो वीस टक्क्यांवर होता. वीस टक्क्यांत मशीन फार वेळ चालत नाही हे पहिल्यांदा लाइट गेली तेव्हाच कळलं, म्हणून मंगलनं तो ऐंशीवर नेला. ॲपवर हिरवी खूण आली. ती निर्धास्त झाली.

त्याच आठवड्यात एका रात्री वारं सुटलं आणि लाइट गेली. मंगल चुलीपुढं होती. मशीन चालत राहिलं तशी ती उठली नाही. भाकरी थापत राहिली. आणि थोड्याच वेळात मशीन चिरकलं. ती धावली तेव्हा आप्पासोंचे ओठ काळेनिळे पडले होते. पिठाच्या हातांनीच तिनं सिलिंडरची नळी जोडली. दम परत आल्यावर आप्पासो म्हणाले, "बॅटरी मेली व्हय गं?"

"भरलेली हुती, मामा. दुपारी मी बघितलीया."

तिनं मोबाइल बघितला. राखीव साठा, ऐंशी. भिंतीवरच्या डब्याला लहानसा पडदा होता, त्यावर तोच आकडा बघितला. तिथं वीस. एकाच घरात दोन तोंडं, आणि दोन्ही आपापल्या जागी ठाम. लाइट जायच्या आधीच बॅटरी वीसपर्यंत उतरलेली होती, आणि मंगल मात्र ऐंशीच्या भरवशावर भाकरी थापत होती.

पुढचे कितीतरी दिवस तिनं त्या डब्याशी झटापट केली. ॲप काढून पुन्हा टाकलं. मोबाइल बंद करून चालू केला. मेन स्विच पाडून पुन्हा वर केला. डब्याच्या पडद्याखालची बटणं दाबून तिथंही ऐंशी केलं. दुपारी ऐंशी दिसायचं. सांजच्याला पुन्हा वीस. कुणीतरी मागनं येऊन खोडून जावं तसं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी गाणं वाजायचं, मग एक गोड आवाज हिंदीत म्हणायचा, "मॅडम, आपका सेटिंग हमें सही दिख रहा है." मंगल सांगायची, आवं, तुमाला दिसतंय ते मोबाइलमधलं हाय, डब्यावर वीस हाय. तो आवाज पुन्हा तेच म्हणायचा आणि शेवटी विचारायचा, "आप हमारी सेवा से संतुष्ट हैं?" तो प्रश्न ऐकला की तिला फोन धुऊन काढावासा वाटायचा.

शेवटी डीलरकडून विश्वजित नावाचा कारागीर आला. म्हसवडकडचाच पोरगा, नुकतं लग्न झालेला. त्यानं डबा उघडला, वायरी हलवल्या, लॅपटॉप जोडला, आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग लॅपटॉप मिटवत म्हणाला, "सॉफ्टवेअर जुनं हुतं वहिनी. नवीन टाकलंय."

"आता ऱ्हाईल का ऐंशीवर?"

"बघू या की." तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "मोबाइलवर ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा."

तिनं सांगितला. तो गेला, आणि मागोमाग मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. त्या संध्याकाळी डब्यावरचा आकडा पुन्हा वीसवर आला. आपल्याच तोंडून आकडा काढून घेऊन आपलीच तक्रार मिटवली, या विचारानं मंगलला जेवण गेलं नाही.

बिरदेवला फोन केला तर तो म्हणाला, "आगं, कंपनी मोठी हाय. एवढं वाईट न्हाई करणार. तुझंच कायतरी बटण चुकत आसंल."

"व्हय," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मी तुमचं ऐकून भरवसा ठेवला."

मग रस्त्याचं काम निघालं. जेसीबीनं खांबाशेजारी चर काढताना इंटरनेटची वायर तोडली, आणि सगळ्या वस्तीचं वायफाय गेलं. मोबाइलला तिथं रेंज म्हणाल तर लिंबाखालीच. ॲप उघडेना, म्हणून मंगलनं कंटाळून डब्याच्या बटणांवर ऐंशी केलं आणि सोडून दिलं.

सांज झाली. ती पाण्याला जाऊन आली. डब्यावर ऐंशी.

दुसऱ्या दिवशीही ऐंशी. लाइट गेली, मशीन एकसारखं चालत राहिलं, लाइट आली, आप्पासोंना पत्ताही लागला नाही. मंगल डब्यापुढं उभी राहून विचार करू लागली. डबा तोच, बटणं तीच, आपण तीच. मग बदललं काय? इंटरनेटची वायर तुटलीय, एवढंच.

वायर जोडली गेली त्या दिवशी ती मुद्दाम डब्यापाशी पाट टाकून बसली. ऊन उतरलं आणि तिच्या डोळ्यांदेखत ऐंशीचे वीस झाले. कुणी हात लावला नव्हता. तिनं उठून वायफायचा प्लग उपटला, पुन्हा ऐंशी केलं. आता आकडा हलेना.

"मामा," ती म्हणाली, "डबा बिघडलेला न्हाई. कुणीतरी भायेरनं आपल्या घरात हात घालतंय."

आप्पासोंनी सावकाश श्वास घेतला. "लांडगा आसंल तर माग काढाय पायजे," ते म्हणाले.

तिनं लिंबाखाली जाऊन हेल्पलाइनला फोन लावला. या वेळी तिनं एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरं बोलली नाही. माझ्या बॅटरीला माझ्याशिवाय हुकूम कोण देतंय? गोड आवाज अडखळला. थोडा वेळ गाणं वाजलं. मग आवाज म्हणाला की डीलरच्या खात्यातून रोज सेटिंग येतं, डीलरचं सेटिंग वरचढ असतं, आपण त्यांच्याशीच बोला.

शेजारणीला आप्पासोंपाशी बसवून मंगलनं सकाळची एसटी धरली. विट्याला गाडी बदलली. सांगलीला उतरून रिक्षानं कुपवाडला पोहोचली तेव्हा कारखान्यांच्या पाळ्या सुटून मोटारसायकलींची रांग लागली होती. वीरधवलचं ऑफिस काचेचं होतं. टेबलाशी संयोगिता नावाची मुलगी बसली होती. मंगलनं गाव आणि बिरदेवचं नाव सांगितलं. त्या मुलीनं सरळ मनानं संगणक मंगलकडं वळवला.

"हे बघा तुमचं घर. वीसवर आहे. सगळ्यांचंच वीसवर असतं, सर एकदम लावून ठेवतात."

"का?"

"बॅटरी जास्त वापरली की बिलात बचत जास्त दिसते ना. ज्या डीलरची बचत जास्त, त्याचा नंबर वर. यंदा सर कंपनीच्या खर्चानं बँकॉकला जाऊन आले."

तेवढ्यात वीरधवल आतून आला. पांढरा शर्ट, अत्तर. "या, या ताई," तो म्हणाला. "एवढ्या लांबून? एक फोन करायचा."

मंगलचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. त्याच्या मागच्या भिंतीवर दारापेक्षा मोठा फोटो होता. त्यात आप्पासो होते. नाकात नळी, डोक्याला फेटा, हात जोडलेले. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही तुमचा श्वास जपतो.' बॅटरी बसवली त्या दिवशी हा माणूस आप्पासोंच्या पाया पडला होता आणि आठवणीला म्हणून फोटो काढून घेऊन गेला होता. म्हाताऱ्यानं त्याला आशीर्वाद दिला होता.

मंगलच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं पदर तोंडाला लावला.

"बसा ना ताई. चहा घ्या."

"ह्या माणसाचं ओठ निळं पडलं हुतं," ती म्हणाली. "तुमच्या वीसामुळं."

"अहो, आजोबांचं असं आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर..."

"नळी बघून फोटो काढला तुमी."

वीरधवल हसला. काय करावं सुचलं नाही की काही माणसं हसतात, तसं. मग संयोगिताला म्हणाला, "यांचं काढून टाक गं आपल्याकडनं." संयोगितानं दोनदा बोट दाबलं. झालं. मंगलला सगळ्यात जास्त शिसारी आली ती याची. एवढे दिवस जे जिवावर बेतलं होतं ते असं माशी उडवल्यासारखं मिटलं, म्हणजे कधीही मिटवता आलं असतं.

"बाकीच्या घरांचं?" तिनं विचारलं.

"त्यांची तक्रार नाही, ताई."

"त्यास्नी म्हाईत न्हाई म्हणून न्हाई."

तिनं खुर्ची ओढली, भिंतीशी लावली, चपला काढून वर चढली आणि फोटो उतरवला. वीरधवल "अहो, अहो" करत राहिला, पण पुढं आला नाही, कारण दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. मंगलनं त्यांना तिथंच सांगितलं, शांतपणे, सुरुवातीपासून. ती बोलत असताना त्यातला एक हळूच मागं सरला आणि निघून गेला. दुसरा शेवटपर्यंत ऐकत राहिला. फोटो फ्लेक्सचा होता. तिनं तो गुंडाळून काखेत मारला आणि स्टँडवर आली.

त्यानंतर आकडा ऐंशीवर राहिला. वायफाय लावलं तरी राहिला. मंगलनं तरीही काही दिवस रोज दोन्हीकडं बघितलं, मोबाइलवर आणि डब्यावर. विश्वास ही गोष्ट अशी बटणानं परत येत नाही.

एका दुपारी विश्वजित आला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सरांनी पाठवलंय म्हणाला, आणि चाचरत पुढं म्हणाला की वहिनींनी मोबाइलवर दोन शब्द चांगलं बोलावं, तेवढा व्हिडिओ करून न्यायचा आहे.

"तुला पैल्या दिवशीच कळलं हुतं न्हवं?" मंगलनं विचारलं.

तो पुडा या हातातून त्या हातात करत म्हणाला, "लॅपटॉपवर दिसलं हुतं. बोललो असतो तर कामावरनं काढलं असतं, वहिनी."

मंगल पाण्याच्या माठाकडं वळली. वीरधवलची किळस सोपी होती. या पोराची सोपी नव्हती, आणि म्हणून ती जास्त कडू लागत होती. उन्हातनं आलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही अशी रीत माणात नाही. तिनं तांब्या भरून दिला. तो उभ्याउभ्याच प्याला.

"पेढं घिऊन जा," ती म्हणाली. "आणि जिथं जिथं त्याचा डबा हाय, त्या घरास्नी जाता जाता सांग. त्येवढं केलंस तर पुन्ना ये."

तो पुडा घेऊन गेला. सांगितलं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. आप्पासोंनी खाटेवरून सगळं ऐकलं होतं.

"एक पेढा तरी ठिवून घ्यायचा," ते म्हणाले.

"दहिवडीस्नं आणते, मामा," मंगल म्हणाली, आणि रिकामा तांब्या राखेनं दोनदा घासून तिनं पालथा घातला.