दस्तगीरचाचांचं बोट

दस्तगीरचाचा बोलण्याआधी माणसाच्या खांद्यावर दोनदा थाप मारत, पुढ्यात येऊन उभे राहत आणि मगच तोंड उघडत. आमची ओळखही थापेनंच झाली. कोल्हापुरात कानाच्या एका डॉक्टरांकडे मी ऐकण्याची तपासणी करायचे. एकदा पाठमोरी चहा पीत होते. कप हातातून सुटता सुटता वाचला.

"घाबरू नका ताई, आमच्या शेडची सवय हाय," चाचा गरजले. उद्यमनगरात इंजिनं चालवून बघायच्या शेडमध्ये त्यांचा जन्म गेला होता. तिथल्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून आधी थाप, मग हाताच्या खुणा. छातीवर तळवा ठेवला की इंजिन झकास चाललंय, काळजी नको.

आमच्या गावात एखाद्याला कमी ऐकू येतं हे लवकर कळतच नाही. इथं सगळेच समोरचा पंचगंगेच्या पलीकडे उभा असल्यासारखे बोलतात. चाचांचंही वर्षानुवर्षं निभावलं. पण त्यांची नात रेश्मा बोलायला लागली. "नाना, नाना" करत ती मागं फिरायची आणि नाना वळायचे नाहीत.

"पोरीला वाटतंय, नाना रुसलाय," ते म्हणाले. "काल तिनं हाकच मारली न्हाय, घरची सांगत्यात. कान हाय का गेला, बघा की तुमच्या मशिनीवर!"

मी त्यांना काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर इअरफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच काम. चाचांचं बोट दरवेळी वर! कान विशीतल्या पोराचे असावेत तसा निकाल. मी चक्रावले. मग ध्यानात आलं, त्यांची नजर काचेतून माझ्या हातावर होती. मी बटण दाबलं की यांचं बोट वर. लबाडी नव्हती हो ती. शेडमध्ये माणूस डोळ्यांनी ऐकायला शिकतो आणि कानांनीच ऐकलं असं मनापासून समजतो.

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. खर्जातल्या आवाजांना बोट वर आलं. किनऱ्या आवाजांना येईना. मी आवाज वाढवत नेला, बोट मांडीवरच. शेवटी मान वळवून त्यांनी विचारलं, "ताई, मशिन बंद पडलं व्हय?"

मशिन चालू होतं. मला फार वाईट वाटलं. समोर बसून सांगितलं, की इंजिनांनी किनरं ऐकणं आधी नेलं, वयानं त्यात भर घातली, आणि लहान पोरांचा आवाज नेमका तसाच असतो. गेलेलं परत येत नाही.

चाचा खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "म्हंजी नाना रुसला न्हाय, ह्ये तरी पक्कं झालं. जातो, सांगतो तिला."

दुसऱ्या दिवसापासून शेडमधल्या प्रत्येकाच्या कानात डॉक्टरांनी दिलेले रबरी बोळे बसवायचा त्यांनी सपाटा लावला. कुणी कुरकुरलं तर दम द्यायचे, "सासू बोलंल त्ये नसंना का ऐकू येत, नात बोलंल त्ये ऐकाया पायजे!" आणि रेश्मा? ती अक्षरांच्या आधी शेडच्या खुणा शिकली.

तिच्या लग्नाला मी गेले होते. पाठवणीच्या वेळी बँडवाल्यांनी असा काही धुमाकूळ घातला, की रडणाऱ्यांना स्वतःचं रडणंही ऐकू येईना. नवरी गर्दीतून मागं फिरली. नानांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली, पुढ्यात येऊन उभी राहिली आणि छातीवर तळवा ठेवला.

चाचांनी बोट वर केलं.