रायबाच्या पोटावरची वाट

वेल्ह्याच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या सोजराबाईचं तान्हं पोर, रायबा, सारखं हिरवं ओकायचं. पोट टम्म फुगलेलं. त्याला झोळीत घालून ती डोंगर उतरली आणि भोरच्या डॉक्टरांकडे आली.

"जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या दिशी. ती बी जराशीच."

आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूच नसावेत, म्हणून शी पुढं सरकत नाही, अशी शंका येऊन डॉक्टरांनी तिला लगेच पुण्याला धाडलं. तिथं निदान पक्कं झालं. सर्जननी शी बाहेर यायला बाळाच्या पोटावरच वाट करून दिली. मूल जरा वाढलं की दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं.

वाडीतल्या बायका नाक मुरडायच्या. सोजराबाई मात्र जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या बांधायची, कोमट पाण्यानं पुसायची, कातडी सोलवटू नये म्हणून खोबरेल लावायची. लग्नकार्यात पोर मांडीवर घेऊन पुढंच बसायची.

"माज्या लेकराची लाज कशापायी?" ती म्हणायची.

वर्षभरानं खराब भाग काढून सर्जननी चांगलं आतडं खाली जोडलं आणि पोटावरची वाट बंद केली. काही दिवसांनी रायबानं लंगोट भरला, तेव्हा सोजराबाई वॉर्डभर सांगत सुटली, "झाली वो, माज्या रायबाला शी झाली!"