मामांचं ‘जमलं का?’

नटाच्या घरात किस्से लहान लेकराच्या कपड्यांसारखे साठतात. रोज धुवा, वाळवा, घडी घाला. सकाळी ढीग तसाच! फरक एवढाच, की कपडे कुणाचे ते तरी कळतं. आमच्या किश्श्यांत खरं कुठलं न् सोंग कुठलं, हे मला अजून कळत नाही.

नट म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते, नवरा आण्णा म्हणतो. तरुणपणी लुगडं नेसून गावच्या नाटकात नायिका झाले, मग स्पर्धेची नाटकं, सिनेमे, सिरियल. हवालदार, सरपंच, खुनी, कीर्तनकार, सगळं करून झालं. आता कळंबला आमच्याजवळ असतात. मी शाळेवर शिकवायला जाते तेव्हा आमची ओवी, नुकती चालायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी, त्यांच्याजवळ असते. तुम्ही खुशाल हसा. माझा जीव तिथं टांगलेला असतो.

*

हा किस्सा सासूबाई होत्या तेव्हा त्याच सांगायच्या. मामा त्यांना बघायला अणदूरला गेले, ते लंगडत! नाटकात लंगड्याचं काम होतं, न् प्रयोग जवळ आला की मामा भूमिकेतून बाहेर येत नाहीत. मुलीचे वडील भले माणूस. म्हणाले, "पायाचं काय एवढं? पोरगं चांगलंय."

लग्नाच्या दिवशी मामा तरातरा चालत मांडवात आले. एकच गलका, "नवरा बदलला! नवरा बदलला!" शेवटी बोहल्यापर्यंत लंगडत जाऊन दाखवलं, तेव्हा कुठं अक्षता पडल्या. वर अंतरपाटाआडून सासूबाईंना हळूच विचारलं, "जमलं का?"

सोंग संपलं की मामा हे विचारतातच. ते ऐकलं की आपण श्वास सोडायचा.

*

एका सिनेमात ते सुनेला छळणारे सासरे झाले. तो बघून बाजारातल्या भाजीवाल्या मावशीनं मला बाजूला घेतलं. "घरी बी असंच करत्यात का गं?"

मी मान खाली घातली. खरं तर पिशवीत टोमॅटो नीट लावत होते. तिनं कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली! तेव्हापासून मी तिला खरं सांगितलेलं नाही.

घरी मामांना सांगितलं, तर म्हणाले, "मान किती खाली घातलीस? दाखव." दाखवली.

"बरी हाय. पुढच्या बारीला डोळं बी पूस. मेथी यील."

*

ओवी माझ्या हातून औषध घेत नाही, थुंकते. मामा चष्मा नाकावर ओढतात, माझी ओढणी गळ्यात टाकतात न् ‘डॉक्टर’ होतात. मग गपकन गिळते!

एकदा शाळेतून येऊन विचारलं, "मामा, दुपारचं औषध दिलं का?"

"म्या? म्या न्हाय दिलं."

मी बाटली उघडली. तेवढ्यात चष्मा खाली आला, आवाज बदलला. "थांबा बाई! आम्ही दिलंय मघाशी." आणि लगेच, "जमलं का?"

मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेला निघताना बाटलीवर औषधाच्या पातळीला पेननं रेघ मारून ठेवायला लागले.

*

मग मामांनी जाहीर केलं, नव्या सिरियलमध्ये विसराळू म्हाताऱ्याचा रोल मिळालाय. सराव सुरू! चष्मा फ्रिजमध्ये. दूध गॅसवर उतू जातंय, मामा समोर उभे राहून बघतायत.

"मामा, अहो दूध!"

"रिहर्सल हाय गं."

एकदा ओवीकडं बोट करून मलाच विचारलं, "हिचं नाव काय ठिवलंय?" मी ‘ओवी’ म्हटलं. बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "जमलं का?"

"लई जमलं," मी म्हटलं.

नवऱ्याशी बोलले. "सिरियलवाल्यांचा फोन येत नाही, शूटिंगची तारीख नाही. मला डाऊट येतोय."

"तुला औषधाच्या बाटलीवर पण डाऊट येतो!" हेही खरंच. "आण्णा नट हायेत, पेशंट न्हाईत."

"मग ओवी कुणाजवळ ठेवतोय आपण? नक्की सांग."

त्यानं गाडीची किल्ली शोधायला घेतली.

*

मामा खरंच विसरतात का ते बघायला शेवटी मीच सोंग घ्यायचं ठरवलं. स्टाफरूममधून मैत्रिणीच्या फोनवरून मामांना फोन लावला. आवाज एकदम मॅडमचा. "नमस्कार सर, मोठ्या रोलसाठी बोलतेय. रोज दुपारी शूटिंग, मुंबईत राहावं लागेल."

पलीकडून मामांचा खास ठेवणीतला आवाज. "दुपारी जमणार नाही, मॅडम. सून शाळेवर असते. नात माझ्याजवळ असते."

माझा मॅडमचा आवाज सुटलाच. कसंबसं "बरं" म्हणून फोन ठेवला.

घरी आले तर ओवी त्यांच्या मांडीवर झोपलेली. बाटलीतलं औषध रेघेच्या खाली, बरोबर एका डोसाइतकं. मामा म्हणाले, "एका मॅडमचा फोन आला व्हता. मागं शाळेची घंटा वाजत व्हती त्यांच्या!"

मी ओशाळून हसले.

"काम बरं केलंस. फकस्त शेवटी बेअरिंग सुटलं."

किती हलकं वाटलं सांगू! पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, ओवीला घ्यायला वाकले. मामांनी तिला पोटाशी धरलं.

"हात नका लावू, बाई. झोपलीय. हिची आई यील आता शाळंतून."

मी हसत ‘जमलं का?’ची वाट बघत उभी राहिले.

मामा ओवीला खांद्यावर घेऊन उठले, न् पाहुण्यांना देतात तसा पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवला.